मदत हवी आहे: सायाटिक नर्व्हमध्ये केव्ही१.२ आणि कॅस्पर एकाच जागी दिसतात

सूक्ष्मदर्शी: रॅटच्या सायाटिक नर्व्हचे (पायात जाणाऱ्या मोठ्या नसेचे) तंतू सुटे करून केव्ही१.२ (पोटॅशियम चॅनेल) आणि कॅस्पर (पॅरानोडच्या जोडातलं प्रथिन) एकत्र रंगवायचे आहेत. पद्धत अशी: ४% पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये बर्फावर ३० मिनिटं, धुऊन बारीक चिमट्यांनी तंतू सुटे, सायलेनच्या स्लाइडवर वाळवणं, १०% गोट सीरम आणि ०.३% ट्रायटनमध्ये एक तास. प्रायमरी (त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी) रात्रभर: केव्ही१.२ साठी के१४/१६, कॅस्परसाठी के६५/३५. सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी रंगीत अँटिबॉडी) गोट अँटि-माऊस, एक हिरवी, एक लाल. नोडच्या (मायलिन या तंतूवरच्या आवरणातल्या फटीच्या) दोन्ही अंगांना हिरवा-लाल तंतोतंत एकावर एक येतो. चॅनेल खरंच पॅरानोडमध्ये (नोडलगत मायलिन तंतूला जोडलं जातं त्या भागात) सरकलेत, की रंगवण्यात चूक आहे?
दुसरं, अशाच ताज्या नर्व्हवर १ मिलिमोलर ४-अमिनोपिरिडिन (पोटॅशियम चॅनेल बंद करणारं औषध) सोडूनही कंपाउंड अ‍ॅक्शन पोटेन्शियल (साऱ्या तंतूंचा मिळून येणारा विद्युतसंदेश) फारसं बदलत नाही. का?

अक्षतंतू: चूक सेकंडरीत आहे. तुमच्या दोन्ही प्रायमरी माऊसच्या. साधी अँटि-माऊस सेकंडरी दोघींनाही धरते, म्हणून दोन्ही रंग दोन्हीकडे. सुदैवाने के१४/१६ ही आयजीजी२बी (अँटिबॉडीचा एक उपप्रकार) आहे आणि के६५/३५ ही आयजीजी१. एकीसाठी फक्त आयजीजी२बी ओळखणारी, दुसरीसाठी फक्त आयजीजी१ ओळखणारी सेकंडरी घ्या; दोन्ही रॅटच्या आयजीजीविरुद्ध शोषून घेतलेल्या (म्हणजे तिला न चिकटणाऱ्या) हव्यात, नाहीतर ऊतीतल्या आयजीजीनेच पार्श्वभूमी उजळते. एक स्लाइड फक्त के१४/१६ आणि आयजीजी१ची सेकंडरी अशी ठेवा. ती काळी निघालीच पाहिजे.

बरोबर जमलं की चित्र असं दिसतं: मध्ये जेमतेम १ मायक्रोमीटरची काळी फट म्हणजे नोड, तिच्या दोन बाजूंना कॅस्परचे आखूड पट्टे, आणि त्यांच्या बाहेर मायलिनखाली केव्ही१.२ चे लांब पट्टे. हा बाहेरचा भाग जक्स्टापॅरानोड. तिथे चॅनेलना कॅस्पर२ आणि टॅग-१ ही प्रथिनं धरून ठेवतात, आतून ४.१बी प्रथिनाचा टेकू असतो.

त्यानंतरही ओव्हरलॅप उरलाच, तर मात्र तो खरा समजा. कॅस्पर किंवा त्याचं जोडीदार प्रथिन कॉन्टॅक्टिन नसलेल्या माऊसमध्ये पॅरानोडचा जोड बसत नाही आणि केव्ही१ थेट नोडलगत येऊन ठेपतात. कॅस्पर२ नसेल तर उलट होतं: पॅरानोड शाबूत, पण केव्ही१ इंटरनोडभर (दोन नोडमधल्या लांब भागात) पांगतात. दोन्हींत गल्लत करू नका. आणि सुटे करताना तंतू ओढला गेला तर मायलिन मागे सरकून फट रुंद दिसते. असे तंतू मोजणीत घेऊ नका.

गाठ_रॅनव्हिए: ४-अमिनोपिरिडिनचं उत्तर याच चित्रात आहे. जे चॅनेल ते बंद करतं, ते मायलिनखाली झाकलेले आहेत आणि पॅरानोडचा जोड त्यांना नोडपासून वेगळं ठेवतो. म्हणून पूर्ण वाढलेल्या, निरोगी नर्व्हमध्ये परिणाम कमी. मायलिन गेलं की हेच चॅनेल उघडे पडतात, विद्युतप्रवाह त्यांच्यातून गळतो आणि संदेश अडतो. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चालणं सुधारायला अमेरिकेत २०१० साली याच औषधाला मान्यता मिळाली, ती याच तत्त्वावर. मात्रा जास्त झाली की झटके येतात, कारण मेंदूतले केव्ही१ही बंद होतात.

द्रावणाचा पीएच मात्र तपासाच. औषध अल्कधर्मी आहे, नुसतं घातलं तर पीएच चढतो आणि दिसणारा बदल कशाचा ते कळत नाही. हायड्रोक्लोरिक आम्लाने ७.४ वर आणून मगच सोडा.

नोडवर बसणारे केव्ही७.२ आणि ७.३ हे पोटॅशियम चॅनेल वेगळे. ते अँकिरिन-जी या प्रथिनाला धरून असतात, सावकाश उघडतात आणि उघडायला पेशीच्या पडद्यातला पीआयपी२ हा मेदपदार्थ लागतो. तो खर्ची पडला की मिटतात. ४-अमिनोपिरिडिन त्यांना फारसं शिवत नाही. त्यांना बंद करायला एक्सई९९१ हा रोधक, १० मायक्रोमोलर.

सूक्ष्मदर्शी: सबक्लासच्या सेकंडरी मागवतो. एक शंका राहिली: केव्ही१.२ ची एक बारीक रेघ इंटरनोडभर जाते. ती पार्श्वभूमी समजून थ्रेशोल्डमध्ये काढून टाकू का?

अक्षतंतू: काढू नका. ती आतल्या मेसअ‍ॅक्सनला (मायलिनच्या गुंडाळीच्या आतल्या कडेला) धरून जाणारी खरी रेघ आहे, मायलिनमधल्या श्मिट-लँटरमनच्या खाचांपाशीही ती दिसते. एकच फोकल प्लेन न घेता ०.५ मायक्रोमीटरच्या अंतराने झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या प्रतिमांचा संच) घ्या, मग ती तुटक न दिसता सलग येईल.