ग्रँटचं ट्रेनिंग: प्राध्यापक आणि ऑफिस एकत्र बसवायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

लेखा लिपिक, शहादा
नमस्कार मंडळी. शहाद्याकडच्या एका अनुदानित कॉलेजात १७ वर्षं अकाउंट बघतोय. दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्याकडे दोन दिवसांचं ट्रेनिंग ठरलंय. संशोधन प्रकल्पाचा प्रस्ताव कसा लिहायचा आणि मंजूर झालेला पैसा कसा सांभाळायचा, हा विषय. ९ प्राध्यापक आणि ऑफिसातले ५ जण बसतील. प्राचार्य मॅडमनी आखणी माझ्यावर सोपवली आहे.

एकत्र बसवण्याचा आग्रह माझाच. अशा कार्यशाळांचं पत्र आलं की ते थेट स्टाफरूमला जातं. ऑफिसातून आजवर एकालाही पाठवलेलं नाही. त्याचं काय होतं ते मी पाहिलंय.

चार वर्षांपूर्वी आमच्या समाजशास्त्राच्या सरांना पावरा आदिवासी बायकांच्या घरच्या बियाण्यावर एक छोटा प्रकल्प मिळाला होता. सर महिन्यातून दोनदा तोरणमाळच्या बाजूला जायचे. वर्षअखेर त्यांनी माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी आणून ठेवली. आत ३१ चिठ्ठ्या. जीपवाल्यांनी बियाणे कंपनीच्या पॅडच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहून दिलेल्या, "गाडी भाडे १२००". गाडीचा नंबर नाही, कुठून कुठे ते नाही, काहींवर सहीसुद्धा नाही. ऑडिटरने एकही धरली नाही. सर खरोखर गेले होते, हे मला माहीत होतं. पण कागदावर ते कुठेच दिसत नव्हतं. सगळे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरले.

मंजुरीचं पत्र सरांच्या कपाटात होतं. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाला असा दाखला) भरायच्या दिवशी. प्रवासाचे पुरावे कसे हवेत, ते त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. सरांनी त्यानंतर एकही प्रस्ताव टाकलेला नाही. याची टोचणी मला अजून आहे.

तर दोन दिवसांत आधी काय घ्यावं? आणि जीपवाला बिल देतच नसेल तिथे काय करायचं?

सेवानिवृत्त अधीक्षक, धुळे
भाऊ, बठ्ठं खरं शे. आमच्याकडेही हेच होत आलंय.

आधी जीपचं सांगतो. दौऱ्याला निघण्यापूर्वी प्राचार्यांची मंजुरी घ्या, तारीख आणि गावांच्या नावांसकट. कोऱ्या पावत्या ऑफिसनेच छापून सरांच्या बॅगेत द्या. चालकाचं नाव, गाडी नंबर, कुठून कुठे, किती किलोमीटर, रक्कम, सही. ५,००० च्या वरची पावती असेल तर १ रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. आणि अशी पावती चालेल का, हे निधी देणाऱ्या संस्थेला पहिल्याच महिन्यात लेखी विचारून ठेवा. वर्षअखेर विचारून उपयोग नाही.

ट्रेनिंगची सुरुवात मंजुरी पत्रापासूनच करा. एखादं जुनं पत्र घ्या, नावं झाका, १४ झेरॉक्स काढा आणि ओळीओळीने वाचा. आवर्ती (पुन्हापुन्हा होणारा) खर्च कुठला, अनावर्ती (यंत्रासारखा एकदाच होणारा) कुठला, एका शीर्षातून, म्हणजे खर्चाच्या ठरलेल्या सदरातून, दुसऱ्यात पैसे वळवता येतात का. आमच्या एका कॉलेजात किरकोळ खर्चाच्या शीर्षातून प्रिंटर घेतला होता. वस्तू चांगली, गरजेची, पण शीर्ष चुकलं. पुढचा हप्ता आठ महिने अडकला.

सीए, जळगाव
अधीक्षक साहेबांशी सहमत. मी कॉलेजांचे हिशेब तपासतो, त्यावरून थोडी भर.

सगळ्यात जास्त घोळ व्याजाचा. केंद्राच्या अनुदानावर बँकेने दिलेलं व्याज कॉलेजचं उत्पन्न नसतं. जीएफआर २०१७, म्हणजे केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम, त्यातल्या नियम २३० (८) प्रमाणे ते हिशेब अंतिम झाल्यावर भारताच्या संचित निधीत (केंद्राच्या तिजोरीत) भरायचं असतं. बरेच जण ते स्टेशनरीत खर्चून टाकतात, लबाडीने नव्हे, कुणी सांगितलेलंच नसतं म्हणून. दुसरं, उपयोगिता प्रमाणपत्र जीएफआर १२-ए नमुन्यात, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. प्रत्येक प्रकल्पाची खतावणी (खात्यांची वही) वेगळी ठेवा. यंत्रसामग्रीच्या बिलावर साठा नोंदवहीचा पान नंबर टाका.

दुसऱ्या दिवशी नुसती भाषणं नकोत. सरावापुरती २५ खोटी बिलं बनवा, चार मुद्दाम चुकलेली घाला. एक प्राध्यापक आणि एक ऑफिसचा माणूस अशा जोड्या लावून त्यांच्याकडून १२-ए भरून घ्या.

भौतिकशास्त्र, चोपडा
प्रस्तावाच्या बाजूनेही थोडं घ्या दादा. केळीच्या खोडाच्या धाग्यावरचा माझा प्रस्ताव दोनदा परत आला. पहिल्या पानभर मी जगातल्या तंतू उद्योगाची माहिती लिहिली होती. घड कापल्यावर रावेर-यावलच्या बांधांवर पडून राहणारी खोडं तिसऱ्या पानावर आली. तीच पहिल्या ओळीत हवी होती. आणि बजेटच्या समर्थनात प्रत्येक बाबीपुढे "प्रकल्पासाठी आवश्यक" एवढंच. परीक्षकाने त्यावरच बोट ठेवलं.

तिसऱ्यांदा आमच्या अकाउंटंट ताईंजवळ बसून बजेट केलं. त्यांनी प्रत्येक वस्तूला विचारलं, किती, कशाला, कोटेशन कुठंय? तो प्रस्ताव मंजूर झाला. तुम्ही दोघांना एकत्र बसवताय ते म्हणूनच मला पटतंय. फक्त खर्च झाल्यावर नको, बजेट लिहितानाच बसवा.

लेखा लिपिक, शहादा
सगळ्यांचे मनापासून आभार. चोपड्याच्या सरांचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. आता असं ठरवलंय: पहिल्या सकाळी मंजुरी पत्राचं वाचन, दुपारी जोड्यांनी बजेट. दुसरा दिवस पूर्ण बिलं आणि १२-ए. पावतीचा नमुना काल टाइप केला, मॅडमनी ५०० छापायला सांगितल्या.

आज समाजशास्त्राच्या सरांना भेटलो. चिठ्ठ्यांची ती पिशवी त्यांनी अजून ठेवली आहे. पहिल्या दिवशी घेऊन येतो म्हणाले.