अँग्रिया बँकेवर मासेमारी बंद केली, तर परिणाम मोजायचा कसा आणि कुठे?

खोलपाणी
विजयदुर्गच्या पश्चिमेला साधारण १०५ किलोमीटरवर अँग्रिया बँकेचं बुडालेलं पठार आहे. माथा जेमतेम २० मीटर पाण्याखाली, वर प्रवाळ. जागा १२ सागरी मैलांच्या पलीकडे, म्हणून राज्याचा १९८१चा मासेमारी कायदा तिथे पोचत नाही. संरक्षण द्यायचं तर केंद्राने १९७६च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली द्यायला हवं. ते मिळावं असंच मला वाटतं. पण बंदीआधी किमान दोन हिवाळे मोजमाप झालं नाही, तर पाच वर्षांनी "मासळी वाढली" आणि "काही फरक नाही" ही दोन्ही विधानं सारखीच पोकळ ठरतील.

उत्तर समुद्रातलं उदाहरण घ्या. १९८९ साली प्लेस या चपट्या माशाची पिल्लं वाचावीत म्हणून ३०० अश्वशक्तीवरच्या ट्रॉलरना (तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटींना) किनाऱ्यालगतचा एक मोठा पट्टा बंद केला. पिल्लं वाढण्याऐवजी घटली. पाणी तापल्याने ती खोलात सरकली, की छोट्या बोटींचा उपसा चालूच राहिला, की तळ ढवळणं थांबल्यावर त्यांचं खाणंच कमी झालं, यावर वाद सुरू राहिला. तुलनेला धरता येईल असा सारखा पट्टा आधीपासून मोजलेलाच नव्हता.

म्हणून माझी मागणी अशी: पठाराचा एक भाग बंद, आणि तेवढ्याच खोलीचे, तशाच तळाचे किमान तीन भाग खुले. चारही ठिकाणी बंदीआधी आणि नंतर, दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या त्याच आठवड्यांत मोजणी. ऑक्टोबरात मुळीच नको. पावसाळा सरताना आपल्या किनाऱ्याच्या उथळ भागात कमी प्राणवायूचं पाणी तळाशी चढतं आणि मासळी जागा सोडते. तो फरक बंदीच्या खात्यावर जमा होईल.

प्रवाळपठार
दोन हिवाळे थांबायचं म्हणजे दोन वर्षं नांगर टाकायला आणि जाळी अडकवायला मोकळीक द्यायची. प्रवाळाची फांदी वर्षाला काही सेंटिमीटर वाढते, घट्ट गोळ्यासारखी जात तर मिलिमीटरच्या हिशोबात. नांगराच्या साखळीने एका रात्रीत फिरून मोडलेलं दोन हिवाळ्यांत परत येत नाही. आधी बंद करा, मग मोजा.

आधीचे आकडे नसले तरी मोजता येतं. बंद भागाच्या मध्यापासून बाहेर एका रेषेत ठरावीक अंतरांवर ठाणी घ्या. बंदीचा परिणाम खरा असेल तर संख्या आणि आकार मध्यात जास्त आणि सीमेकडे उतरते दिसतील, आणि तो उतार वर्षागणिक तीव्र होत जाईल. निव्वळ तापमानाचा परिणाम असता तर तो सीमेच्या आत-बाहेर सारखाच दिसला असता.

खोलपाणी
उतार पठाराच्या आकारामुळेही येतो, ही त्यातली मेख आहे. माथ्यावर खडक आणि प्रवाळ, कडेला वाळू. हेकरू आणि तांब हे खडकातले मासे मध्यातच जास्त दिसणार, बंदी असो वा नसो. तळाचा प्रकार प्रत्येक ठाण्यावर नोंदवून तो हिशोबात धरला, तरच तुमची रेषा उभी राहते.

मोजणीचा तपशीलही सांगतो, कारण गडबड तिथेच होते. दोन कॅमेऱ्यांची जोडी चौकटीवर बसवायची, समोर दांड्याला पिशवीत एक किलो ठेचलेली तारली, तळावर ६० मिनिटं. दोन चौकटींत किमान ५०० मीटर अंतर, नाहीतर वासाने तोच मासा दोन्हीकडे हजर होतो. एका जातीचे जास्तीत जास्त जितके मासे एकाच क्षणी पडद्यावर दिसले, तितकीच गणती धरायची. आत-बाहेर करणारा मासा त्यामुळे दोनदा मोजला जात नाही. दोन कॅमेऱ्यांमुळे लांबीही मिळते, आणि बंदीचा पहिला पुरावा बहुधा लांबीतच दिसतो. संख्या नंतर वाढते. आमिष बदललं, म्हणजे एका वर्षी तारली आणि दुसऱ्या वर्षी बांगडा, तर दोन वर्षांची तुलना संपली. कडेच्या वाळूत ०.१ चौरस मीटरच्या ग्रॅबने (तळाची वाळू उचलणाऱ्या पंजाने) प्रत्येक ठाण्यावर किमान तीन नमुने, दर वर्षी त्याच एक मिलिमीटरच्या चाळणीतून. चाळणी बदलली की बारीक किड्यांची संख्या आपोआप बदलते.

डोल_वेसावे
सगळी चर्चा १०५ किलोमीटरवरच्या पाण्यावर चालली आहे. तिथून हटवलेली बोट जाते कुठे, हे कुणी विचारणार का? मालक कर्जाचा हप्ता भरतो, बोट धक्क्याला बांधून ठेवत नाही. ती आत येते, उत्तनपासून वेसाव्यापर्यंतच्या डोलीच्या कवींकडे, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांच्या जागांकडे. जवळा, करदी, बोंबलाची पिल्लं तिथेच असतात. पठारावर प्रवाळ वाचलं आणि इथे डोलीत बोंबील आला नाही, तर पर्यावरणाचा फायदा झाला असं लिहिणार का?

जाळंआकडा
डोलकरांचा मुद्दा आकड्यांत मांडतो. ट्रॉलचं तोंड तळावर २० मीटर उघडलं, वेग ३ नॉट (तासाला साधारण साडेपाच किलोमीटर), ओढ ३ तासांची. म्हणजे १६.७ किलोमीटर लांब पट्टा आणि ०.३३ चौरस किलोमीटर तळ घासला. दिवसाला पाच ओढी, दहा दिवसांची फेरी: साधारण १७ चौरस किलोमीटर. अशा ५० बोटी हलल्या तर एका फेरीत ८०० चौरस किलोमीटरहून जास्त घासणी दुसरीकडे गेली. तोच पट्टा पुन्हा घासला जातो की कधीच न घासलेला तळ पहिल्यांदा, यावर नुकसान ठरतं. पहिली ओढ सगळ्यांत महाग पडते.

हे घडलेलं आहे. २००१ साली कॉड मासा वाचवण्यासाठी उत्तर समुद्राचा मोठा भाग १४ फेब्रुवारी ते ३० एप्रिल बंद केला. बीम ट्रॉलर (आडव्या दांड्याने तोंड उघडं ठेवलेलं जाळं तळावर ओढणाऱ्या बोटी) तिथून निघून आजवर क्वचित घासलेल्या तळांवर गेले.

प्रवाळपठार
आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यापुढची जॉर्जेस बँक? डिसेंबर १९९४मध्ये मोठे पट्टे बंद झाले आणि चार वर्षांत आतल्या स्कॅलप या शिंपल्यांचं वजन सुमारे १४ पट झालं. हलण्याची भीती दाखवून बंदीच नको म्हटलं असतं, तर ते दिसलंच नसतं.

खोलपाणी
तिथलाच कॉड मात्र सावरला नाही. स्कॅलप जागेवर बसून राहतो, कॉड पट्ट्याबाहेर फिरतो. अँग्रियावरही प्रवाळ आणि खडकात राहणाऱ्या जातींना फायदा अपेक्षित धरा, सुरमईला नको. अहवालात जातीगणिक अपेक्षा आधीच लिहून ठेवा, म्हणजे नंतर सोयीची जात निवडता येणार नाही.

जाळंआकडा
बोटी कुठे जातात ते ट्रान्सपॉन्डरवरून, म्हणजे बोटीचं ठिकाण कळवणाऱ्या यंत्रावरून, काढता येईल. २०२४मध्ये पालघरहून एक लाख बोटींसाठीच्या योजनेची सुरुवात झाली. २ ते ४ नॉट वेग म्हणजे ओढ, ८ नॉट म्हणजे प्रवास, अशी चाळण लावतात. पण ठिकाण तासाला एकदाच नोंदलं गेलं, तर मधले साडेपाच किलोमीटर अंदाजाने भरावे लागतात. डालदीची (पाण्यात उभं सोडलेल्या गिलनेटची) बोटही जाळं ओढताना हळू चालते आणि ट्रॉलर समजली जाते. म्हणून बोटीच्या जाळ्याचा प्रकार परवान्यावरून जोडलाच पाहिजे.

डोल_वेसावे
पट्टी तुम्ही लावा, पण आमच्या पाण्यातही लावा. आणि तारखेवर लावू नका. डोल भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या, ओढीच्या जोरावर चालते. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, भांगाला (अष्टमीच्या आसपास, भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) जाळं नीट फुगतही नाही. एका वर्षी पौर्णिमेला मोजलं आणि पुढच्या वर्षी त्याच तारखेला एकादशी आली, तर अर्धा बोंबील कागदावरच गायब होईल. तिथी धरा, जाळ्यांची संख्या धरा, भरती-ओहोटीच्या फेऱ्या धरा. एका डोलीला एका ओढीत किती किलो आलं, हेच माप. त्यात १८० मिलिमीटरपेक्षा लहान बोंबील किती, ते वेगळं. राज्याने ज्या ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला, त्यांत बोंबीलही आहे.

खोलपाणी
तिथीचा मुद्दा मान्य. कॅमेऱ्यांनाही तेच लागू आहे, ओढ वाढली की आमिषाचा वास लांब पसरतो. पठारावरचे आठवडेसुद्धा भांगाचे धरू. मग पठारावरच्या चार भागांच्या जोडीला उत्तन ते वेसावे हा पाचवा पट्टा, "बोटी हलल्याचा परिणाम" म्हणून. खुल्या तीन भागांतही हललेल्या बोटी येतील, तेव्हा त्यांतला एक तरी बंद भागापासून पुरेसा लांब हवा. नाहीतर बाहेर मासळी घटल्यामुळेच आत वाढ झाल्यासारखी दिसेल.

प्रवाळपठार
माझी हरकत कायम आहे. मोजणीचे दोन हिवाळे घ्या, पण माथ्यावर नांगर आणि तळाची जाळी पहिल्या दिवसापासून बंद. गळ आणि दोर चालू ठेवा, त्यांचं आधीचं माप घ्या, आणि मग त्यांच्यावर काय ते ठरवा.

डोल_वेसावे
माथ्यावर तळाची जाळी तशीही फाटते, तिथे आमचं काही म्हणणं नाही. कडेच्या वाळूवरचे ट्रॉलर हलवण्याआधी मात्र पाचव्या पट्ट्याचे पहिले आकडे आमच्या हातात हवेत, सोसायटीच्या फळ्यावर, ओढीगणिक.