मदत हवी आहे: एमकेव्हीची एमपी४ करताना सगळे ऑडिओ ट्रॅक आणि सबटायटल्स कसे टिकवावेत?

नमस्कार.

फोंडा तालुक्यातील आमच्या गावी देवळाच्या उत्सवात दरवर्षी मराठी नाटक होते आणि त्यांपैकी बऱ्याच प्रयोगांचे चित्रीकरण मंडळाने जपून ठेवले आहे. जुने प्रयोग मिनीडीव्ही कॅसेटवर होते. पावसाळ्यातील दमट हवेने कॅसेटांना बुरशी धरू लागली, तेव्हा त्या संगणकावर उतरवून घेतल्या. काही प्रयोगांच्या मात्र डीव्हीडीच तेवढ्या उरल्या आहेत. सध्या हा सगळा संग्रह एमकेव्ही फाइलींच्या रूपात एका हार्ड डिस्कवर आहे. अडचण अशी, की गावच्या वाचनालयातील टीव्ही पेनड्राइव्हवरची एमकेव्ही फाइल उघडत नाही, एमपी४ उघडतो. आणि इंग्लंडात स्विंडनला राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मुलांनाही फोनवर एमपी४च सोयीची पडते.

फाइलीत काय काय आहे ते दाखवणाऱ्या मीडियाइन्फो या प्रोग्राममध्ये एक नमुना फाइल तपासली असता पुढील माहिती दिसते. चित्र एच.२६४ मध्ये आहे, आकार ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड (म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत), दृश्य प्रमाण ४:३. ऑडिओ ट्रॅक दोन आहेत. पहिला रंगमंचावरील मायक्रोफोनचा, आणि दुसरा त्या नाटकात काम केलेल्या एका ज्येष्ठ नटाच्या कोंकणी निवेदनाचा. ते निवेदन त्यांनी प्रयोगानंतर कॅमेऱ्यावरच डब केले होते. दोन्ही ट्रॅक पीसीएम (न आकसवलेला ध्वनी), ३२ किलोहर्ट्झ आहेत. सबटायटल्सही दोन आहेत. मराठीचे एएसएस स्वरूपात आहेत, कारण पदांचे शब्द पडद्याच्या वरच्या भागात वेगळ्या रंगात दाखवले आहेत, आणि त्यासाठीचा देवनागरी फॉन्ट फाइलीतच जोडलेला आहे. इंग्रजी सबटायटल्स साध्या एसआरटी स्वरूपात आहेत. डीव्हीडीवरून घेतलेल्या फाइलींत मात्र एमपेग-२ चित्र, एसी३ ध्वनी आणि चित्ररूप इंग्रजी सबटायटल्स आहेत.

एका फुकट मिळणाऱ्या कन्व्हर्टरने एमपी४ केली, तर निवेदनाचा ट्रॅक नाहीसा होतो, दोन्ही सबटायटल्स गळतात, आणि चित्र उभट होऊन नट विनाकारण सडपातळ दिसू लागतात. एफएफएमपेग या कमांड लाइनवर चालणाऱ्या रूपांतराच्या प्रोग्रामला फक्त मूळ फाइल आणि नव्या फाइलीचे नाव दिले, तरी एकच ऑडिओ ट्रॅक उरतो. निवेदन गेले, तर या प्रती काढण्यात फारसा अर्थ नाही, कारण ते ज्येष्ठ नट आता हयात नाहीत.

चित्राचा दर्जा न घसरू देता हे सगळे एमपी४मध्ये नेता येईल का, आणि येत नसेल तर कोणत्या गोष्टीवर पाणी सोडावे लागेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे. संगणकावर विंडोज आहे. कमांड लाइन वापरण्याची तयारी आहे.

प्रतिसाद, मडगावहून

आपण माहिती व्यवस्थित दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. एमकेव्ही आणि एमपी४ हे चित्राचे प्रकार नव्हेत. ते डबे आहेत. आतले चित्र एच.२६४ असेल, तर ते एका डब्यातून काढून दुसऱ्यात जसेच्या तसे ठेवता येते. त्यात दर्जा तसूभरही घटत नाही आणि वेळही हार्ड डिस्कवर फाइल कॉपी होण्याइतकाच लागतो. आपल्या कन्व्हर्टरने चित्र नव्याने एन्कोड केले (उलगडून पुन्हा आकसवले) असणार आणि तसे करताना ४:३ हे दृश्य प्रमाण टाकून दिले असणार. ७२० बाय ५७६ मधले पिक्सेल चौरस नसतात. ते प्रमाण कळले नाही, तर खेळवणारा प्रोग्राम चित्र ७६८ ऐवजी ७२० रुंदीचे धरतो आणि माणसे सडपातळ होतात.

ऑडिओ ट्रॅक का गळतो, तेही सांगतो. काहीच सांगितले नाही, तर एफएफएमपेग प्रत्येक प्रकारचा एकच प्रवाह उचलतो. ऑडिओत ज्याला जास्त चॅनेल असतील तो. सारखेच असतील, तर पहिला. हा त्याचा दोष नाही, ठरलेला नियम आहे. सगळे हवे असेल, तर मॅप हा पर्याय वापरावा लागतो. पुष्कळ ठिकाणी ‘मॅप शून्य’ वापरावे, म्हणजे सगळे येते, असे लिहिलेले असते. आपल्या फाइलीत फॉन्ट जोडलेला असल्यामुळे तेथेच अडेल, कारण एमपी४मध्ये फॉन्टची जोडणी ठेवण्याची सोय नाही. म्हणून तीन मॅप वेगवेगळे द्यावेत: शून्य-विसर्ग-व्ही, शून्य-विसर्ग-ए आणि शून्य-विसर्ग-एस, म्हणजे सर्व चित्र, सर्व ऑडिओ आणि सर्व सबटायटल्स. येथे विसर्ग म्हणजे कोलनचे चिन्ह. व्ही, ए, एस ही अक्षरे अर्थातच रोमन लिपीत आणि लहान लिहावीत.

त्यानंतर प्रत्येक प्रकाराचे काय करायचे, ते सांगावे लागते. चित्रासाठी कोडेक (आकसवण्याची पद्धत) ‘कॉपी’. ऑडिओसाठी मात्र कॉपी नको, कारण एमपी४मध्ये पीसीएम ठेवले, तरी बहुतेक टीव्ही आणि फोन ते वाजवत नाहीत. ‘एएसी’ करावे, प्रत्येक ट्रॅकला १९२ केबीपीएस पुरेसे आहे, आणि नमुना दर ४८ किलोहर्ट्झ करावा. ३२ किलोहर्ट्झ कोठून आला, असा प्रश्न पडला असेल, तर तो मिनीडीव्हीचा वारसा आहे. कॅमेऱ्यावर १२ बिट, ३२ किलोहर्ट्झ ही पद्धत निवडली की चार चॅनेल मिळत. पहिल्या जोडीत मूळ आवाज, आणि दुसरी जोडी नंतर डब करण्यासाठी मोकळी. निवेदन तेथेच भरले गेले असणार. कॅसेट उतरवताना पुष्कळ प्रोग्राम ही दुसरी जोडी घेतच नाहीत. आपल्याकडे ती आली, हे नशीबच म्हणावे लागेल. ज्या फाइलींत ती दिसत नाही, त्यांच्या कॅसेटा एवढ्यात टाकून देऊ नयेत.

सबटायटल्सचा कोडेक ‘मोव्ह-टेक्स्ट’ असा द्यावा. तो दिला नाही, तर एमपी४मध्ये सबटायटल्स येत नाहीत. आणि त्याऐवजी ‘कॉपी’ म्हटले, तर एसआरटी हा प्रकार या डब्यात चालत नाही, असा निरोप देऊन प्रोग्राम थांबतो. मोव्ह-टेक्स्टमध्ये मजकूर आणि वेळा शाबूत राहतात. एएसएसमधले रंग, जागा आणि फॉन्ट मात्र व्यवहारात हाती लागत नाहीत. पदांचे शब्दही संवादांसारखेच खाली साधे दिसतील. पाणी सोडायचे, ते एवढ्यावरच.

शेवटी ‘फास्टस्टार्ट’ हा मोव्ह-फ्लॅग द्यावा. त्याने फाइलीची अनुक्रमणिका सुरुवातीला येते, आणि परदेशी पाठवलेली फाइल पूर्ण उतरण्याआधीच पाहता येते.

काहीही झाले तरी एमकेव्ही फाइली पुसू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एमपी४ ही वाटायची प्रत, एमकेव्ही ही मूळ प्रत. एएसएस, फॉन्ट, पीसीएम हे सगळे एकत्र सांभाळणारा डबा तोच आहे. शिवाय इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे तपशील आरएफसी ९५५९ या क्रमांकाने प्रसिद्ध केले असल्यामुळे, उद्या तो कोणाला उघडता येणार नाही, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

प्रतिसाद, पेडण्याहून

वरील उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट इंटरलेस्ड चित्राची. टीव्ही असे चित्र स्वतःच सरळ करून दाखवतो, त्यामुळे वाचनालयासाठी नुसती कॉपी पुरेल. फोनवर मात्र नट हात हलवू लागला की कडांना फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसण्याची शक्यता असते. म्हणून फोनसाठी वेगळी प्रत काढावी आणि तिच्यात डीइंटरलेस करावे. एफएफएमपेगमधील बीडब्ल्यूडीआयएफ हे फिल्टर चांगले आहे. दर फील्डमागे (फ्रेमच्या एकाआड एक ओळींच्या प्रत्येक भागामागे) एक फ्रेम घेतल्यास सेकंदाला ५० फ्रेम मिळतात आणि नाचातील गिरक्या तुटक दिसत नाहीत. हँडब्रेक हा रूपांतराचा दुसरा प्रोग्राम वापरायचा असेल, तरी चालेल. फक्त तो चित्र नेहमीच नव्याने एन्कोड करतो, हे लक्षात ठेवावे, आणि ऑडिओ व सबटायटल्सच्या पानांवर जाऊन सगळे ट्रॅक स्वतः निवडावेत. या आकाराच्या चित्राला आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १८ ते २२ ठेवण्याची शिफारस आहे. रंगमंचावरील काळोखी दृश्ये असतील, तर मी १८च्या जवळ राहीन.

दुसरी गोष्ट देवनागरीची, आणि खरी डोकेदुखी तीच आहे. एमपी४मधील मराठी सबटायटल्स व्हीएलसीमध्ये अचूक दिसतील. पण टीव्हीत देवनागरी फॉन्ट नसेल, तर नुसते चौकोन उमटतील. फॉन्ट असूनही अक्षरजुळणीची सोय नसेल, तर ‘प्रिय’ या शब्दातली वेलांटी भलत्या जागी जाऊन बसते आणि ‘स्त्री’मधले हलन्त पाय मोडून दिसतात. अशा टीव्हीवर कोणतीही सेटिंग बदलून काही होत नाही. एकदा फाइलीच्याच नावाची एसआरटी फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करून पेनड्राइव्हवर शेजारी ठेवून पाहावी, कारण काही टीव्ही आतल्या सबटायटल्सपेक्षा बाहेरच्या नीट वाचतात. तरीही चौकोनच दिसले, तर मराठी सबटायटल्स चित्रातच कायमचे उमटवलेली एक प्रत वाचनालयासाठी काढावी.

हे काम एफएफएमपेगच्या ‘सबटायटल्स’ या फिल्टरने होते. तो लिबॅस ही सबटायटल्स रेखाटणारी लायब्ररी वापरतो, एएसएसमधले रंग आणि जागा पाळतो, आणि एमकेव्हीत जोडलेला फॉन्टही उचलतो. त्यामुळे पदांचे शब्द जसे हवे तसे वरच्या बाजूला येतील. चित्र यात नव्याने एन्कोड होते, म्हणून डीइंटरलेस त्याच वेळी आणि सबटायटल्स उमटवण्याच्या आधी करावे. फिल्टरांचा क्रम उलटा झाला, तर अक्षरांच्या कडाही फाटतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे तीन वेगळे मॅप देऊन नमुना फाइल केली आणि दोन्ही ऑडिओ ट्रॅक आले. टीव्हीवर इंग्रजी सबटायटल्स नीट दिसतात. मराठीच्या जागी, पेडण्याच्या सदस्यांनी म्हटल्याप्रमाणे, चौकोन दिसतात. बाहेरची एसआरटी ठेवूनही फरक पडला नाही, त्यामुळे वाचनालयाची प्रत उमटवलेल्या सबटायटल्सचीच करावी लागेल. तीन शंका उरल्या आहेत. टीव्हीच्या यादीत दोन्ही ऑडिओ ट्रॅक ‘अज्ञात’ असे दिसतात. वृद्ध मंडळींना त्यातून निवड कशी करता येणार? डीव्हीडीच्या फाइलींतील चित्ररूप सबटायटल्सचे काय करावे? आणि काही जुन्या नाटकांची मराठी सबटायटल्स डीटीपीच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली आहेत. उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. ती वाचवता येतील का?

प्रतिसाद, मडगावहून

ट्रॅकला भाषेचे संकेत द्यावेत, म्हणजे ‘अज्ञात’ जाईल. आयएसओ ६३९-२ प्रमाणे मराठीला एम-ए-आर, कोंकणीला के-ओ-के आणि इंग्रजीला ई-एन-जी अशी तीन अक्षरे आहेत. एफएफएमपेगमध्ये प्रत्येक प्रवाहाच्या मेटाडेटात ‘लँग्वेज’ म्हणून ती लिहिता येतात. टीव्हीला कोंकणीचा संकेत ओळखता येईलच असे नाही. पण मराठी ओळखली, तरी उरलेला ट्रॅक निवेदनाचा, हे कळेल. रंगमंचाचा ट्रॅक ‘डिफॉल्ट’ ठरवावा, म्हणजे नाटक लावताच निवेदन सुरू होणार नाही.

चित्ररूप सबटायटल्समध्ये अक्षरे नसतात, अक्षरांची चित्रे असतात. म्हणून ती मोव्ह-टेक्स्टमध्ये थेट बदलत नाहीत. सबटायटल एडिट हा मोफत प्रोग्राम ती वाचून एसआरटी करून देतो. इंग्रजीत हे काम चांगले होते, पण लहान एल आणि मोठा आय यांची अदलाबदल हमखास होते, तेव्हा एकदा नजरेखालून घालावे. त्या फाइलींतला एसी३ ध्वनी एमपी४मध्ये कॉपी करता येतो. टीव्हीसाठी तसाच ठेवावा, फोनसाठी एएसी करावा. एमपेग-२ चित्र मात्र फोनसाठी एच.२६४ करावेच लागेल.

प्रतिसाद, पेडण्याहून

जुन्या फॉन्टमधली सबटायटल्स वाचतात. एन्कोडिंग बदलून मात्र काही उपयोग होत नाही. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असल्यामुळे त्या विशिष्ट फॉन्टचाच युनिकोड कन्व्हर्टर लागतो. म्हणून ज्यांनी टंकले, त्यांच्याकडून फॉन्टचे नाव आधी विचारून घ्यावे. कन्व्हर्टरमध्ये संपूर्ण एसआरटी फाइल कधीही टाकू नये. तो वेळेच्या ओळींतील अंक आणि मधला बाणही फॉन्टमधली अक्षरे समजून बदलून टाकतो, आणि मग कोणताच प्रोग्राम ती फाइल सबटायटल्स म्हणून स्वीकारत नाही. क्रमांक आणि वेळा बाजूला ठेवून फक्त मजकुराच्या ओळी रूपांतरित कराव्यात, त्या त्याच क्रमाने परत बसवाव्यात, आणि रफार व जोडाक्षरे तपासावीत. ‘धर्म’ आणि ‘कार्य’ हे शब्द आधी शोधले, तर कन्व्हर्टर कोठे चुकतो, ते लवकर सापडते.