तुमच्याही हिरड्यांतून असे रक्त येत असे का?

शेवंती: आज सकाळी माझ्या 13 वर्षांच्या लेकीच्या ब्रशवर गुलाबी डाग दिसला आणि मला माझा सातवा महिना आठवला. तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘बाळंतपणाला एक दात जायचाच’ अशी समजूत घातली, मी भीतीने ब्रश फिरवणेच कमी केले आणि पुढे एक दाढ गमावली. बाळासाठी लागणारे कॅल्शियम आईच्या दातांतून जात नाही. संप्रेरके वाढली की दातांवरच्या किटणामुळे हिरड्या लवकर सुजतात, वयात येतानाही तसेच होते, हे मला फार उशिरा कळले. रक्त येते तिथेच मऊ ब्रश हलक्या हाताने नीट फिरवायचा, हे मी लेकीला दाखवले. तुमचे अनुभव जरूर लिहा.

निशिगंध: मला उलट्यांचा फार त्रास होता आणि प्रत्येक उलटीनंतर मी लगेच दात घासत असे. पोटातल्या आम्लाने दातांचे वरचे आवरण मऊ पडलेले असते, म्हणून आधी पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा, असे दंतवैद्य बाईंनी समजावले.

अबोली: शेवंतीताई, दाढेचे वाचून वाईट वाटले. माझे रूट कॅनल पाचव्या महिन्यात, जागा बधिर करून, व्यवस्थित पार पडले.

जास्वंद: माझ्या हिरडीवर वाटाण्याएवढी लालभडक गाठ आली होती आणि मी कर्करोगाच्या धास्तीने रात्र रात्र जागले. ती गरोदरपणातली साधी गाठ निघाली व प्रसूतीनंतर आपोआप ओसरली. तरीही अशी गाठ दाखवून घ्यावीच.

बकुळ: मी तुम्हा सर्वांहून मोठी आहे. पाळी थांबल्यावर माझे तोंड इतके कोरडे पडू लागले की घास पाण्याशिवाय उतरत नसे, जिभेची आग होई आणि लाळ कमी झाल्याने हिरड्यांलगत दात किडू लागले. एक दाढ काढायला गेले, तेव्हा हाडांच्या ठिसूळपणासाठी आठवड्यातून एकदा घेत असलेल्या गोळीचा उल्लेख करण्याचे मला सुचलेही नाही. डॉक्टरांनी खुर्चीत बसवण्यापूर्वी स्वतःहून विचारले, म्हणून निभावले. अशा काही औषधांमुळे दाढ काढल्यावर क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही.

शेवंती: बकुळकाकू, माझ्या आईलाही आठवड्याची गोळी चालू आहे आणि तिची दाढ गुरुवारी काढायची आहे. तिला आत्ताच फोन लावते.