गेटवर खोका आलाय, कोणाचा आहे?

गावकर काका (सेक्रेटरी), ११:४२
[फोटो]
गेटवर थर्माकोलचा खोका आला आहे. चारी बाजूंनी टेप आहे. पावसात शाई पसरल्यामुळे नाव वाचता येत नाही. वॉचमन म्हणतो, उचलला की आत पाणी हलतं. ज्यांचा असेल त्यांनी लगेच न्यावा. गेटवर वस्तू ठेवण्याबाबत मागच्या मीटिंगला ठराव झालेला आहे.

शिल्पा वहिनी (बी-२०१), ११:४४
बाजूला लाल अक्षरात ‘जिवंत’ असं लिहिलंय ना? जिवंत काय आहे आत??

केरकर काका (ए-१०१), ११:४५
कुर्ल्यो असल्या तर माझ्या.

रोहन (ए-३०३), ११:४७
काका 😂 खेकडे नाहीत, मासे आहेत ते, खाऱ्या पाण्यातले. शोभेचे. बी-२०४ निखिलदादाचे असणार, परवा मला लिफ्टमध्ये ऑर्डर दाखवत होता.

केरकर काका, ११:४८
१ जूनपासून मासेमारी बंदी. महिना झाला ताटात धड नुस्तें नाही. आणि बी-२०४ ला मासे पार्सलने येतात!

मुग्धा (सी-३०२), ११:५०
काका, पॅक कधी केलंय ते खोक्यावर लिहिलेलं असतं, वॉचमनला बघायला सांगा ना. आणि खोका आडवा नको, आत केबिनमध्ये घ्या.

गावकर काका, ११:५३
काल दुपारी ३:०० असे लिहिले आहे.

मुग्धा, ११:५३
म्हणजे एकवीस तास होत आले. निखिल, स्वाती, कोणीतरी फोन उचला.

शिल्पा वहिनी, ११:५८
स्वाती अर्णवला घेऊन डिचोलीला माहेरी गेलीय, संध्याकाळी येईल. निखिल वेर्ण्याला शिफ्टवर. फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो त्यांना.

निखिल (बी-२०४), १२:५१
सॉरी सॉरी, आत्ता जेवणाची सुट्टी झाली. बस सकाळी ८ ला म्हापशाला येणार होती, मी उतरवून घरी ठेवून निघणार होतो. घाटात अडकली. सेलरने परस्पर रिक्षाने पाठवलं वाटतं. मुग्धाताई, तुम्ही घरी आहात का? चावी शिल्पा वहिनींकडे आहे. फक्त पिशव्या टाकीत तरंगत ठेवल्या तरी चालेल, मी पाचला येतोच.

मुग्धा, १२:५३
पाचपर्यंत थांबायचं नाही. दुसरा शनिवार आहे, बँक बंद, मी घरीच आहे. काय काय मागवलंयस?

निखिल, १२:५४
२ क्लाउन, १ ब्लू टँग, १ क्लीनर श्रिंप. टाकी दोन फुटी. अर्णवला नारिंगी आणि निळा दोन्ही हवे होते.

मुग्धा, १२:५४
दोन फुटीत ब्लू टँग? तो फूटभर वाढतो रे. बरं, ते नंतर. टाकी लावून किती दिवस झाले?

निखिल, १२:५५
१२. पाणी एकदम काचेसारखं आहे. जिथून टाकी घेतली तो म्हणाला, पाणी स्वच्छ दिसतंय, मासे घालायला हरकत नाही.

मुग्धा, १२:५५
येते खाली.

केरकर काका, १२:५७
कोळंबी एकच मागवली? केवढ्याला?

निखिल, १२:५८
१,४०० काका.

केरकर काका, १२:५८
किलो?

निखिल, १२:५८
नग.

केरकर काका, १:०१
मी जरा पडतो.

मुग्धा, १:१६
[फोटो] [फोटो] [फोटो]
निखिल, हे तिन्ही फोटो लगेच सेलरला पाठव. पिशवी न उघडता, दोन तासांच्या आत, अशी अट असते बहुतेकांची. खोका ११:४० ला आला, म्हणजे १:४० पर्यंत. गावकर काकांचा गेटवरचा फोटो पण जोड, त्यावर वेळ आहे. टँग गेलाय. पिशवीतलं पाणी पिवळट झालंय आणि रबराजवळ फेस धरलाय. एक क्लाउन तळाशी आडवा आहे पण कल्ले हलतायत. दुसरा ठीक. श्रिंप ठीक.

निखिल, १:१८
अरे देवा. अर्णवला काय सांगू? फोटो पाठवतो लगेच.

मुग्धा, १:२१
दुसरी गोष्ट. तुझ्या टाकीचं पाणी किटवर तपासलं. नळीत रंग पिवळा राहायला हवा होता, हिरवा झालाय. म्हणजे अमोनिया आहे. पाणी काचेसारखं दिसतं कारण अमोनियाला रंगच नसतो. तो खाणारे जिवाणू रेतीत आणि दगडांवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. अमोनियाचं नायट्राइट, मग नायट्राइटचं नायट्रेट, असं ते चालतं. तुझी टाकी अजून पहिल्या पायरीवर आहे. मासे मी वर माझ्याकडे नेतेय. ४० लिटरची रिकामी टाकी कायम भरून ठेवलेली असते, नवीन माशांसाठी.

शिल्पा वहिनी, १:२४
मी खोक्याची एक बाजू धरून जिना चढलेय. लिफ्ट बंद आहे. गावकर काका, यावर पण ठराव करा.

रोहन, १:३०
ताई, ड्रिप लावताय ना? नळीने टाकीचं पाणी पिशवीत थेंब थेंब, तासभर तरी. मी प्रत्येक वेळी तेच करतो.

मुग्धा, २:०५
श्रिंपला लावलंय. नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब, दीड तास चालेल. माशांना मुद्दाम नाही लावलं. आता हात मोकळा झालाय म्हणून सविस्तर लिहिते, रोहन, तुला उपयोगी पडेल.

बंद पिशवीत मासा श्वास सोडतो तो कार्बन डायऑक्साइड पाण्यातच राहतो, त्यामुळे पाण्याचा पीएच खाली येतो, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकतं. माशाने टाकलेला अमोनिया साठतच असतो, पण पीएच खाली असतो तोवर बहुतेक अमोनियम या रूपात राहतो आणि तो त्या मानाने निरुपद्रवी असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, आणि तोच अमोनियम विषारी अमोनिया होतो. त्यात तू वरून टाकीचं पाणी थेंब थेंब घातलंस की पीएच आणखी चढतो. म्हणजे मासा तासभर विषातच पोहत राहतो आणि आपण समजतो त्याला सवय होतेय. दुकानातून अर्ध्या तासात घरी आणलेल्या माशाला ड्रिप चालतं. बावीस तासांच्या पिशवीला नाही.

म्हणून मी पिशव्या बंदच ठेवून वीस मिनिटं तरंगवल्या, तापमानासाठी. तेवढ्यात एका पिशवीच्या कोपऱ्याला सुईने भोक पाडून थेंबभर पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर घेतलं. १.०१९ आलं. माझी टाकी १.०२५. ४० लिटरमधलं १० लिटर काढलं, १० लिटर आरओचं गोडं पाणी घातलं, तीही १.०१९ वर आली. मग पिशव्या फाडल्या, मासे हाताने उचलून सरळ टाकीत, पिशवीचं पाणी बेसिनमध्ये. दिवा बंद. आता आठवडाभरात खारेपणा हळूहळू वर नेईन. खाली आणताना मासा सोसतो, वर नेताना घाई केली तर नाही सोसत.

रोहन, २:१२
हे माहीत नव्हतं. माझे दोन गेले होते असेच, मला वाटलं ड्रिप कमी पडलं 😐

रोहन, २:१४
पण म्हणून ऑनलाइन वाईट असं नका म्हणू हां. क्लाउनची जोडी दादाला १,६०० ला पडली, म्हापशात २,४०० सांगतात. गोव्यात खाऱ्या पाण्याचे मासे ठेवणारी दुकानं किती, त्यात माल काय? तेच डॅमसेल आणि तेच दमलेले टँग. ऑनलाइनवाला मासा खातानाचा व्हिडिओ पाठवतो, मेला तर पैसे परत देतो.

निखिल, २:२०
सेलरचं उत्तर आलं. टँगचे पैसे पुढच्या ऑर्डरमध्ये वळते करणार. वाहतुकीचे ९०० मिळणार नाहीत.

मुग्धा, २:४०
हेच. परत पैसे म्हणजे परत ऑर्डर, परत बस.

रोहन, तुझं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पण म्हापशाचा दुकानदार तरी मासे कुठून आणतो? त्याच मुंबईहून, त्याच रात्रीच्या बसने. त्याच्याही पिशव्या पिवळ्या होतात, त्याच्याकडेही मासे मरतात. फरक एवढाच की जे मरायचे ते पहिल्या दहा दिवसांत त्याच्या टाकीत मरतात, त्याच्या पैशाने. वरचे ८०० तू त्या दहा दिवसांचे देतोस. म्हणून मी दुकानात मासा आल्या दिवशी कधीच घेत नाही. ॲडव्हान्स देते, म्हणते दहा दिवसांनी येते, आणि आले की माझ्यासमोर त्याला खायला घालायला लावते. तोंडात घेऊन थुंकला तरी नको. आल्या दिवशीच घ्यायचा असेल तर दुकानाला जास्त पैसे कशाला द्यायचे, मग तुझा ऑनलाइनवाला बरा.

तीन वर्षांपूर्वी मीही एक टँग मागवला होता. अठ्ठावीस तास. जिवंत आला, मी ग्रुपवर फोटोपण टाकला होता, केरकर काकांनी त्याला रव्यात घोळवायचा सल्ला दिला होता. नवव्या दिवशी गेला. सेलरची हमी जिवंत पोचण्यापुरतीच होती.

केरकर काका, २:४४
सल्ला मनापासून होता.

रोहन, २:५०
पण दुकानात सगळ्या टाक्या एकाच फिल्टरवर असतात ताई. एका माशाला पांढरे ठिपके आले की सगळ्या रांगेला. आणि बरेच जण पाण्यात थोडं तांबं सोडून ठेवतात, त्यामुळे रोग दिसतच नाही. घरी आणला की चार दिवसांत ठिपके.

मुग्धा, २:५३
शंभर टक्के. म्हणून तर दुसरी टाकी. कुठूनही आणला तरी चार आठवडे वेगळा. आणि दुकानात ज्या टाकीत कोळंबी आहे तिथल्या पाण्यात तांबं नसतं, कोळंबी तांब्याने मरते. तेवढी खूण लक्षात ठेव.

क्लाउन मात्र मी ऑनलाइनच घेते, थेट पैदास करणाऱ्याकडून. तो मासा आता समुद्रातून धरायची गरजच नाही. सीएमएफआरआय या केंद्र सरकारच्या सागरी मासळी संशोधन संस्थेच्या विळिंजम, मंडपमच्या केंद्रांनी अंड्यापासून वाढवायचं तंत्र बसवलंय, ऐरोलीलाही हॅचरी आहे. टाकीत जन्मलेलं पिल्लू पहिल्यापासून दाणे खातं, प्रवासही सोसतं. ब्लू टँगचं तसं नाही. तो पैदाशीत पहिल्यांदा वाढला २०१६ साली, फ्लोरिडा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत. बाजारात येतो तो बहुतेक समुद्रातूनच धरलेला. आधी जाळं, मग विमान, मग कोणाची तरी टाकी, मग पुन्हा बस. खोक्यात चारांपैकी तोच का गेला, यात मला नवल वाटलं नाही.

शिल्पा वहिनी, २:५८
मला एक कळत नाही, समुद्र पंधरा मिनिटांवर असताना पाणी पिशवीतल्या मिठाने का करायचं?

मुग्धा, ३:०२
वहिनी, मागच्या जुलैत मिरामारला बाटली भरून आणली होती. रिफ्रॅक्टोमीटरवर निम्मंसुद्धा भरलं नाही. पावसात मांडवी सगळं गोडं पाणी तिथेच आणून ओतते. वर गाळ आणि बोटींचं डिझेल. मीठ बरं. ते मात्र ऑनलाइनच घ्यावं, मीठ वाटेत मरत नाही.

रोहन, ३:०५
दादा, टँगच्या बदल्यात कोरल घे ना, तोच सेलर देतो. समुद्रघोडा पण आहे त्याच्या स्टेटसला.

मुग्धा, ३:०६
अजिबात नको. समुद्रघोडे आणि खडक बांधणारी प्रवाळं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ आहे तिथेच. शिक्षा तीन ते सात वर्षं.

गावकर काका, ३:०८
सदर विषय ग्रुपवर नको. असे काही कोणी आणल्यास कमिटी जबाबदार राहणार नाही.

स्वाती (बी-२०४), ५:४०
आत्ता पोचलो. निखिलने वाटेतच फोनवर सगळं सांगितलं. अर्णव जरा रडला. मग विचारत होता, निळा मासा बसमध्ये असताना गेला की आपल्या गेटवर. मला उत्तर देता आलं नाही. मुग्धाताई, त्याला वर पाठवू?

मुग्धा, ५:४२
पाठव की. चप्पल बाहेर, आणि काचेवर टिचक्या मारायच्या नाहीत.

मुग्धा, ६:१५
[व्हिडिओ]
आडवा पडलेला आता पाइपच्या तुकड्यात जाऊन सरळ उभा राहिलाय. दुसऱ्याने अर्णवने टाकलेला एक दाणा घेतला, थुंकला, परत घेतला. मी आज काही घालणार नव्हते, पण मुलाचा चेहरा बघवेना. निखिल, दोघे ऑगस्टच्या मध्यापर्यंत इथेच राहतील. तोवर तुझी टाकी दर तीन दिवसांनी तपासू, नळी पिवळी राहायला लागली की घेऊन जा. अर्णव रोज पाचला येणार असं त्यानेच ठरवलंय.

निखिल, ६:२२
ताई, काय बोलू. टाकीवाल्याला जाऊन विचारणार आहे मी उद्या.

मुग्धा, ६:२३
विचार, पण आधी तीन फुटी टाकी घे असं तो सांगेल, ते ऐकू नकोस.

गावकर काका, ७:१०
थर्माकोलचा रिकामा खोका सी-विंगच्या दुसऱ्या मजल्यावर जिन्यात पडून आहे. संबंधितांनी उचलावा.

केरकर काका, ७:११
माझ्यासाठी ठेवा. झाकण आहे ना त्याला? १ ऑगस्टला बंदी उठते, बर्फ घालायला एक खोका लागणारच.

शिल्पा वहिनी, ७:१२
झाकण फुटलंय काका.

केरकर काका, ७:१२
टेप आहे माझ्याकडे.