कोल्ड एसबीआरचा मूनी आवरत नाही, मर्कॅप्टन वाढवू का?

कोरडा_लॅटेक्स:
मंडळी, पायलट प्लांटवर अडकलोय. कोल्ड एसबीआर (थंडीत बनवलेलं स्टायरीन-ब्युटाडाइन रबर), ५ अंश, रिअ‍ॅक्शन सुरू करायला हायड्रोपेरॉक्साइड आणि लोहाचा रेडॉक्स, ६० टक्के कन्व्हर्जनला (तेवढ्या मोनोमरचं रबर झालं की) शॉर्टस्टॉप, म्हणजे रिअ‍ॅक्शन थांबवतो. मूनी, म्हणजे रबराच्या घट्टपणाचा आकडा, ५० च्या आसपास हवा, येतोय ७० च्या वर. १०० भाग मोनोमरला डोडेसिल मर्कॅप्टन (साखळ्यांची लांबी आवरणारं, उग्र वासाचं गंधकी रसायन) ०.२ होता, ०.२५ केला. मूनी थोडा उतरला, पण टोल्युइनमध्ये टाकलं की तळाला न विरघळणारा लगदा तसाच. साहेब म्हणतात, ०.३ करून बघ. करू?

भट्टीचा_शेजारी:
थांब जरा. मूनी हा एकच आकडा आहे. निम्म्या साखळ्या आखूड आणि निम्म्या अवाढव्य असल्या तरी तो मधलंच काहीतरी दाखवतो. तुझा लगदा म्हणजे जेल, एकमेकींना चिकटलेल्या साखळ्या. आधी एक सांग, मर्कॅप्टनच्या ड्रमवर टर्शरी (फांद्या असलेला रेणू) लिहिलंय की नॉर्मल (सरळ रेणू)?

तेलकट_हात:
एवढा घोळ कशाला? तेल घाला, मऊ होतं.

भट्टीचा_शेजारी:
दादा, एसबीआरच्या १७१२ या तेल घातलेल्या ग्रेडमध्ये १०० भाग रबराला ३७.५ भाग तेल असतं हे खरं, पण तिथे मूळ रबर मुद्दाम जड मूनीचं बनवतात. तेलाने जेल विरघळत नाही, फक्त लपतं.

कोरडा_लॅटेक्स:
स्टोअरमध्ये जाऊन आलो. नॉर्मल! बिलावर नुसतं 'डोडेसिल मर्कॅप्टन' आहे, मीही कधी खाली वाकून लेबल वाचलं नव्हतं. एवढा फरक पडतो?

भट्टीचा_शेजारी:
पडतो. वाढती साखळी मर्कॅप्टनचा हायड्रोजन ओढते आणि तिथेच संपते. उरलेला गंधकाचा रॅडिकल नवी साखळी सुरू करतो. म्हणून रिअ‍ॅक्शनचा वेग फारसा बदलत नाही, फक्त साखळ्यांची संख्या वाढते आणि लांबी घटते. प्रश्न हा की हे काम मर्कॅप्टन किती घाईने करतो.

ही घाई मोजणारा आकडा म्हणजे ट्रान्सफर कॉन्स्टंट. तो १ असेल तर मोनोमर आणि मर्कॅप्टन एकाच गतीने संपतात, रेणुभार शेवटपर्यंत सारखा राहतो. स्टायरीनमध्ये ६० अंशांना नॉर्मलचा कॉन्स्टंट साधारण १५ ते १९ येतो, टर्शरीचा ३ ते ४. आता १८ धरून हिशेब कर: १० टक्के कन्व्हर्जनला उरलेला मर्कॅप्टन ०.९ चा अठरावा घात, म्हणजे जेमतेम १५ टक्के! टर्शरीचा ३.५ धरला तर त्याच टप्प्यावर ६९ टक्के शिल्लक. इमल्शनमध्ये मर्कॅप्टनला पाण्यातून कणांपर्यंत पोचावं लागतं, त्यामुळे हे थोडं मंदावतं, आणि तुमच्याकडे ब्युटाडाइनही आहे. तेव्हा आकडे जसेच्या तसे घेऊ नकोस, दिशा मात्र हीच.

म्हणून ०.३ केलंस तर सुरुवातीच्या साखळ्या आणखी आखूड होतील, मूनी उतरेल, साहेब खूश. शेवटच्या साखळ्यांना आवरायला तेव्हाही कोणी नसेल. त्या लांब वाढणार, आधीच्या साखळ्यांतल्या व्हिनाइल दुव्यांना (बाजूला उरलेल्या दुहेरी बंधांना) जाऊन चिकटणार. जेल तिथेच.

निवृत्त_रसायनी:
नॉर्मलला अगदीच वाईट म्हणू नका. १९४० च्या दशकातल्या अमेरिकी जीआर-एसची (एसबीआरचं तेव्हाचं नाव) ५० अंशांची रेसिपी डोडेसिल मर्कॅप्टनवरच उभी होती: ७५ ब्युटाडाइन, २५ स्टायरीन, १८० पाणी, ५ साबण, ०.५ मर्कॅप्टन, ०.३ पोटॅशियम परसल्फेट. तिथे मर्कॅप्टन काढला तर रिअ‍ॅक्शन नीट चालायचीच नाही. तुमच्या रेडॉक्सला तशी गरज नाही.

टर्शरी येईपर्यंत नॉर्मलच हप्त्याने द्या. एक भाग सुरुवातीला, मग २० आणि ४० टक्क्यांच्या सुमारास. सगळा मागे ठेवू नका, नाहीतर पहिल्याच टप्प्यात साखळ्या बेलगाम होतील. प्रत्येक हप्ता साबणपाण्यात इमल्शन करून, नायट्रोजन फिरवून सोडा, हवा शिरली की रिअ‍ॅक्शन अडखळते. आणि दर टप्प्याला लॅटेक्सचा नमुना काढून सिल्व्हर नायट्रेटने मर्कॅप्टन टायट्रेट करा, म्हणजे किती उरलाय ते मोजा. ते न करता मात्रा बदलणं म्हणजे अंधारात मीठ घालणं.

कोरडा_लॅटेक्स:
अपडेट. एकूण मात्रा परत ०.२, तीन हप्ते. मूनी ५८, टोल्युइनमध्ये लगदा नाही. टायट्रेशनमध्ये ४० टक्क्यांच्या हप्त्याआधी जवळजवळ काहीच उरलं नव्हतं, म्हणजे शेजारी म्हणतात तेच. टर्शरी यायला पंधरा दिवस.

पुरवठादार जुना ड्रम परत घेत नाही. कुणाला नॉर्मल हवंय का? वास फुकट.