फेब्रुवारीत स्कीइंगसाठी गाव सुचवा (तातडीचे)

पाटीलवाडा:
फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यात आम्हा सहा जणांना स्कीइंगसाठी जायचे आहे. इतक्या गावांची वर्णने वाचली की आता सगळी सारखीच वाटू लागली आहेत. सर्वत्र बर्फ, सर्वत्र रज्जुमार्ग आणि प्रत्येक हॉटेल उतारापासून 'दोन मिनिटांवर'. कृपया 'तुमच्या आवडीवर अवलंबून आहे' असे उत्तर देऊ नये. खोल्या झपाट्याने भरत आहेत आणि आज-उद्याच आरक्षण करायचे आहे, तेव्हा एकाच गावाचे नाव सुचवावे.

हिमशिखर:
गुलमर्ग. दुसरा विचारही करू नका. चिल्लई कलानचे, म्हणजे काश्मिरी हिवाळ्यातल्या सर्वांत कडक थंडीचे, चाळीस दिवस जानेवारीच्या अखेरीस संपतात, त्यामुळे फेब्रुवारीत थंडी सोसवते आणि बर्फही टिकून असतो. गोंडोलाच्या, म्हणजे तिथल्या रज्जुमार्गाच्या, पहिल्या टप्प्याने कोंगदूरी स्थानकापर्यंत जावे. दुसरा टप्पा अफरवत शिखराच्या अंगाला जवळपास ३९५० मीटरपर्यंत नेतो, पण तो नवशिक्यांच्या स्कीइंगसाठी नव्हे. तिकिटे आधीच ऑनलाइन काढावीत. बर्फ पडल्यावर तंगमर्गपासून वरच्या तेरा किलोमीटरसाठी चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते. आणखी एक, तुमचे प्रीपेड सिमकार्ड तिथे चालणार नाही, पोस्टपेडच लागेल.

आडवाट:
हिमशिखर यांनी बर्फाबाबत दिलेली खात्री मला पटत नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे महिनाभर तपकिरी होती आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या. कोणी औली सुचवण्याआधी हेही सांगतो की २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचल्यापासून तिथला मोठा रोपवे बंद पडला. पण मुळात पाटीलवाडा यांनी आपण कुठून निघणार, सहा जणांत कोण कोण आहे आणि स्कीइंग किती जणांना येते, यातले काहीच लिहिलेले नाही. अशाने गाव कसे सुचवायचे?

पाटीलवाडा:
भारतातून निघणार असे मी कुठे म्हटले? मुलांना फाशिंगची सुट्टी असते तोच हा आठवडा, म्हणून तारीख बदलता येत नाही. म्युनिकहून निघणार. गाडी नाही.

तिरोलकर:
फाशिंगची सुट्टी म्हणजे काय, हे बव्हेरियाबाहेरच्या वाचकाला कसे कळावे? कार्निव्हलच्या सुमारास तिथल्या शाळांना मिळणारी आठवड्याची सुट्टी ती. असो. हा आठवडा आल्प्समधल्या सर्वांत गर्दीच्या आठवड्यांपैकी एक असतो, कारण ऑस्ट्रियातल्या काही प्रांतांच्या आणि नेदरलँड्सच्या सुट्ट्याही याच सुमारास येतात. त्यात बरीच घरे शनिवार ते शनिवार अशीच भाड्याने दिली जातात. आता मुलांची वये आणि बाकीच्यांची माहिती द्यावी.

पाटीलवाडा:
मुले सात आणि दहा वर्षांची. आम्हा दोघांना बेताचे स्कीइंग येते. सासू-सासरे सांगलीहून येणार आहेत आणि ते अर्थातच स्कीइंग करणार नाहीत. सासऱ्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सर्व जण शाकाहारी आहोत. आता तरी नाव सांगावे.

बर्फवेडा:
ऑस्ट्रियातले ओबरटाउर्न. गावच १७४० मीटरवर वसलेले आहे, त्यामुळे बर्फाची चिंता नाही आणि हॉटेलच्या दारातून थेट उतारावर जाता येते. कमी उंचीच्या गावांत हल्ली कृत्रिम बर्फाची एक पांढरी पट्टी आणि दोन्ही बाजूंना चिखल, असे दृश्य वारंवार दिसते. स्कीइंगसाठी जाताना सर्वांत आधी उंची पाहावी, बाकी सर्व नंतर.

तिरोलकर:
बर्फवेडा यांचा सल्ला चार तरुण मित्रांसाठी उत्तम आहे, या कुटुंबासाठी नाही. ओबरटाउर्नला रेल्वे नाही आणि स्कीइंग न करणाऱ्या माणसाने तिथे दिवसभर करायचे काय, तर खिडकीतून इतरांना घसरताना पाहायचे. सांगलीहून एवढ्या लांब आलेल्या सासऱ्यांना हॉटेलच्या खोलीत बसवून ठेवायचे आहे का?

माझ्या मते ऑस्ट्रियातल्याच सीफेल्डला जावे. म्युनिकहून गार्मिश आणि मिट्टेनवाल्डमार्गे रेल्वे थेट गावात जाते. गाव सुमारे १२०० मीटर उंचीच्या सपाट पठारावर आहे. इन्सब्रुकच्या १९६४ आणि १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या क्रॉस-कंट्री, म्हणजे बऱ्याचशा सपाटीवरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगच्या, शर्यती इथेच झाल्या होत्या, यावरून जमिनीचा स्वभाव लक्षात यावा. पायी चालणाऱ्यांसाठी बर्फ दाबून तयार केलेल्या वाटा आहेत आणि घोड्यांच्या घसरगाड्याही मिळतात. मुलांसाठी सोपे उतार गावालगत आहेत आणि तुम्हा दोघांना तिथल्या रॉसह्युटे या स्कीइंगच्या डोंगराचे उतार पुरेसे आहेत. पट्टीच्या स्कीपटूला तिथे दोन दिवसांत कंटाळा येईल, हे मान्य. पण तुमच्यात तसे कोणी नाही.

बर्फवेडा:
आणि पाऊस पडला तर? १२०० मीटरवर फेब्रुवारीत पाऊस पडलेला मी पाहिला आहे.

तिरोलकर:
पडला तर आजोबा छत्री घेऊन फिरतील. ओबरटाउर्नला हिमवादळात रज्जुमार्ग बंद पडले, तर तेही करता येणार नाही.

कोथरूडकर:
दोघांच्या मधला मार्ग म्हणून ऑस्ट्रियातलेच झेल आम झे सुचवतो. रेल्वे थेट गावात जाते, समोर तलाव आहे आणि शेजारच्या काप्रूनमधल्या किट्झश्टाइनहॉर्न हिमनदीवर बर्फाची खात्री असते. तिथल्या ३०२९ मीटरवरच्या सज्जापर्यंत रज्जुमार्गाने स्कीइंग न करणारेही जाऊ शकतात. मात्र आजोबांना हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास डॉक्टरांना विचारूनच त्यांना एवढ्या उंचीवर न्यावे.

कुठेही गेलात तरी मुलांसाठी पहिल्या दिवशी संपूर्ण डोंगराचा पास काढू नये. मोठ्या ठिकाणी प्रौढांचा दिवसाचा पास सत्तर युरोंच्या पुढे जातो आणि शिकणारी मुले सुरुवातीला पायथ्याच्या सरकत्या पट्ट्यापलीकडे फारशी जात नाहीत. स्कीशाळेचे वर्ग बहुधा रविवारी किंवा सोमवारी सुरू होतात, म्हणून बुधवारी पोहोचण्याचा बेत करू नये. बूट भाड्याने घेताना मुलांना दोन-दोन लोकरी मोजे घालू देऊ नयेत. आपल्याकडचे सगळे हीच चूक करतात आणि तासाभरात पाय सुन्न झाल्याची तक्रार सुरू होते. गुडघ्यापर्यंत येणारा एकच पातळ मोजा घालावा. सरळ उभे राहिल्यावर अंगठा बुटाच्या टोकाला जेमतेम लागला पाहिजे आणि गुडघे पुढे वाकवताच तो मागे सरकला पाहिजे.

अंजनी:
हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घ्यावे. शाकाहारी म्हणून मागवलेल्या केझश्पेट्झ्लेमध्ये (चीज घातलेल्या शेवयांसारख्या पदार्थात) अंडे असते आणि पॅनकेकच्या पट्ट्या घातलेले नितळ सूप बहुधा गोमांसाच्या रसाचे असते, ते पाहून ओळखू येत नाही. सासू-सासरे अंडे खात नसतील, तर रोज प्रत्येक पदार्थाची उलटतपासणी करावी लागेल. डाळ, तांदूळ, गोडा मसाला आणि छोटा कुकर सोबत न्यावा. शनिवारी संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी तिथली बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे दूध-भाजी पोहोचल्याबरोबर घ्यावी.

हिमशिखर:
सुट्टीवर जाऊनही कुकरच लावायचा असेल, तर घरी काय वाईट आहे? गुलमर्गला राजमा-भात जागेवर मिळतो.

आडवाट:
एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी लिहितो. सासू-सासऱ्यांचा शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियात चालतो, पण परतताना जर्मनीच्या हद्दीवर पोलीस रेल्वेत चढून कागदपत्रे तपासू शकतात. त्यामुळे सहाही जणांचे मूळ पासपोर्ट आणि तुमचे निवास परवाने जवळ असू द्यावेत. व्हिसासाठी काढलेल्या विम्यात हिवाळी खेळ बहुधा धरलेले नसतात. ते तर स्कीइंग करणार नाहीत, परंतु घसरगाडीवर बसायचा मोह त्यांनाही होईल, तेव्हा अटी वाचून घ्याव्यात. तुमच्यासाठी मुख्य प्रश्न डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याच्या खर्चाचा आहे. जर्मन सार्वजनिक आरोग्य विम्यातून तो साधारणपणे मिळत नाही आणि बिल काही हजार युरोंचे येते. अल्पाइन क्लब या गिर्यारोहकांच्या संघटनेच्या सदस्यत्वात बचावाचा विमा असतो, तो निघण्यापूर्वी घ्यावा.

पाटीलवाडा:
सर्वांचे आभार. सीफेल्डला स्थानकापासून चालत जाण्याजोगे, स्वयंपाकघर असलेले एक घर शनिवार ते शनिवार मिळत आहे. आज रात्री घेऊन टाकते. आम्हा दोघांना उतार कमी पडले, तर एखाद्या दिवशी इन्सब्रुकच्या बाजूला जाता येईल. आता शेवटचा प्रश्न. सासूबाई साडीच नेसतात आणि पँट घालणार नाही म्हणतात. त्या वाटांवर त्यांना कसे चालता येईल?

अंजनी:
साडीच्या आत लोकरीची थर्मल विजार घालावी आणि साडी घोट्याच्या वर राहील अशी नेसावी, कारण ओला झालेला काठ बाहेर कडक होतो. खरी काळजी पायांची घ्यावी. तळाला खोल खाचा असलेले, घोटा झाकणारे बूट आणि त्यांवर रबराने ताणून बसवायचे लोखंडी काटे घ्यावेत. ते खेळांच्या दुकानात मिळतात. सकाळी, रात्री गोठलेली वाट ऊन लागेपर्यंत काचेसारखी असते, तेव्हा त्यांना दहानंतरच बाहेर काढावे. दुकानात किंवा घरात शिरताना काटे काढायला मात्र विसरू नये. फरशीवर ते बर्फापेक्षाही जास्त घसरतात.